गर्भदुर्बीण प्रत्येक कॉलेजात नको. दोन-तीन ठिकाणी हवी, पण पूर्ण हवी

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. प्रधान सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : फीटोस्कोपीची सोय राज्यात कशासाठी, कुठे आणि कोणत्या तयारीनिशी असावी

महोदय,

यंत्रसामग्रीच्या खरेदीची यादी बनते तेव्हा त्यात चकचकीत नावं आधी शिरतात. फीटोस्कोप हे तसलंच एक नाव. आईच्या पोटातून दोन मिलिमीटर जाडीची दुर्बीण गर्भाशयात सरकवायची, गर्भ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा आणि व्यंग आहे की नाही ते जन्माआधीच सांगायचं, हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला आपल्याकडे एक असावा असं वाटलं तर नवल नाही. गर्भवैद्यकात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचं म्हणणं उलट आहे. निव्वळ निदानासाठी फीटोस्कोप आज फार क्वचित लागतो. तो लागतो उपचारासाठी, तोही मोजक्या आजारांत. आणि त्या आजारांत बाळ वाचतं की नाही, हे दुर्बिणीच्या किमतीपेक्षा त्या बाईची सोनोग्राफी कोणत्या आठवड्यात झाली आणि रिपोर्टात काय लिहिलं गेलं यावर जास्त ठरतं.

निदानासाठी ही दुर्बीण आली आणि मागे पडली, तो इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण अजूनही काही कागदपत्रं त्या जुन्या काळातच अडकलेली आहेत. १९५४ साली स्वीडनच्या ब्यॉर्न वेस्टिन यांनी दहा मिलिमीटरची दुर्बीण गर्भाशयाच्या मुखातून आत घालून गर्भ पाहिला. १९७४ च्या सुमारास येल विद्यापीठात हॉबिन्स आणि महोनी यांनी बारीक दुर्बिणीतून वारेवरची रक्तवाहिनी शोधून गर्भाचं रक्त काढलं. थॅलसेमिया आणि सिकलसेलचं गर्भातलं निदान सुरुवातीला त्या रक्तावरच होत असे. लंडनमध्ये चार्ल्स रॉडेक यांनी गर्भाच्या त्वचेचा तुकडा घेऊन कातडीचे गंभीर आनुवंशिक आजार ओळखले. पण या तपासणीत शंभरातल्या तीन ते पाच बायकांचा गर्भ पडत असे. १९८३ मध्ये पॅरिसच्या फेर्नां दाफोस यांनी सोनोग्राफीखाली साध्या सुईने नाळेतून रक्त घेऊन दाखवलं आणि दुर्बिणीचं मोठं कामच संपलं. पुढे डीएनए तपासण्या आल्या आणि रक्ताचीही गरज राहिली नाही. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या ज्या जोडप्यात दोघंही सिकलसेलचे वाहक आहेत, त्यांना आज फीटोस्कोपी नको, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेणारा हात हवा. परळच्या केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था (एनआयआयएच) असं निदान कितीतरी वर्षं करते आहे.

तरीही लोक मागणी करतात. ओठ फाटलेला दिसतोय, हाताची बोटं नीट दिसत नाहीत, मग 'दुर्बिणीने एकदा खात्री करून द्या'. अशा वेळी स्पष्ट नाही म्हणावं. अनुभवी हाताने केलेली सोनोग्राफी, गरज पडली तर गर्भाचं एमआरआय आणि गर्भजलाची जनुकीय तपासणी यांतून मिळतं त्याहून फारसं अधिक दुर्बीण दाखवत नाही. पाणमोटेला भोक मात्र पाडते, आणि ते भोक बुजत नाही. पडद्याला स्वतःहून भरून येण्याची ताकद जवळजवळ नसते, इतक्या वर्षांत त्यावर खात्रीचा उपाय सापडलेला नाही. चोवीस आठवड्यांनंतरच्या गर्भपाताचे जे अर्ज गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळापुढे येतात, त्यांतही मंडळाने दुर्बिणीचा पुरावा मागण्याचं कारण नाही. मंडळाला तीन दिवसांत मत द्यायचं असतं, आणि चांगली सोनोग्राफी त्या मुदतीत होऊ शकते.

निदानाचं एक काम मात्र आहे, आणि त्याकडे आपल्याकडे कुणी फारसं पाहत नाही. गर्भाचे ठोके बंद पडले आहेत, बारा आठवड्यांच्या आतला गर्भ आहे आणि पिशवी साफ करायचीच आहे, अशा वेळी साफ करण्याआधी दहा मिनिटं दुर्बिणीतून पाहणं. याला एम्ब्रियोस्कोपी म्हणतात. नवं यंत्र लागत नाही; गर्भाशय तपासायची तीस अंशांची हिस्टेरोस्कोप पुरते, आणि ती पुष्कळ ठिकाणी कपाटात असते. गर्भ आधीच गेलेला असल्यामुळे गमावण्यासारखं काही नसतं. कोमट सलाइन सोडत मुखातून आत जायचं, बाहेरचा पडदा बारीक कात्रीने उघडायचा, आतला पातळ पडदा आधी शाबूत ठेवून त्यातून पाहायचं, मग तोही उघडायचा. डोकं, चेहरा, पाठीचा कणा, हातपाय, पोटाची भिंत, नाळ, या क्रमाने पाहून फोटो घ्यायचे. सक्शननंतर हाती येतात ते तुकडे. त्यांत यातलं काहीही ओळखता येत नाही.

शेवटी नजरेसमोर वारेच्या झुपक्यांचा नमुना घ्यायचा. आंधळेपणाने घेतलेल्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळतात आणि अहवाल 'सामान्य स्त्री' असा येतो, जो प्रत्यक्षात आईचाच असतो. हा नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रावणात पाठवायचा. वॉर्डातल्या सवयीप्रमाणे कुणी तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला, तर पेशी मरतात आणि गुणसूत्रांची कल्चर तपासणी तिथेच संपते. ही चूक फार वेळा होते. गोळ्या देऊन आधीच रक्तस्राव सुरू झाला असेल तर आत लाल धुक्यापलीकडे काही दिसत नाही, आणि गर्भ जाऊन बरेच दिवस झाले असतील तर ऊती विरघळू लागलेल्या असतात. म्हणून दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बाईत ठरवून, वेळेत, हे करावं. लिंगनिदानाविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली ही तपासणी नेमकी कुठे बसते आणि कोणती नोंद ठेवायची, यावर विभागाने एकदाचं परिपत्रक काढावं. डॉक्टर मागे राहतात ते कौशल्य नसल्याने कमी, कागदाच्या भीतीने जास्त.

आता मुख्य मुद्दा, जुळ्यांचा. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर एकमेकांना जोडलेल्या असतात. शंभरातल्या दहा ते पंधरा जोड्यांत या जोडण्यांमधून रक्ताचा प्रवाह एकतर्फी होतो. एक बाळ देत राहतं, त्याची लघवी घटते, पाणी आटतं, ते पिशवीच्या भिंतीला चिकटल्यासारखं बसतं. दुसऱ्याकडे रक्त जास्त, लघवी जास्त, पाणी बेसुमार, हृदयावर ताण. हाच ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम, टीटीटीएस. उपचार न केल्यास दोन्ही बाळं जाण्याचीच शक्यता जास्त. १९८८ मध्ये अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी दुर्बिणीतून लेसरने या जोडण्या जाळायला सुरुवात केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत १४२ मातांपैकी निम्म्यांना लेसर आणि निम्म्यांना नुसतं पाणी काढणं असे उपचार दिले गेले. निदान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचं प्रमाण लेसरमध्ये ७६ टक्के, पाणी काढण्यात ५६ टक्के निघालं. प्रसूतीचा मध्य काळ ३३ आठवडे विरुद्ध २९ आठवडे. फीटोस्कोप विकत घ्यायचं सगळ्यात भक्कम कारण हे आहे.

पण गणित करून पाहा. साधारण चारशे गर्भारपणांमागे एक जोडी एकाच वारेवरची असते. वर्षाला दहा हजार बाळंतपणं करणाऱ्या मोठ्या महाविद्यालयात अशा पंचवीसेक जोड्या, आणि त्यांतल्या टीटीटीएसच्या तीन-चार. वर्षाला तीन-चार शस्त्रक्रियांवर हात बसत नाही, आणि बसलेला हात टिकत नाही. प्रत्येक महाविद्यालयाला एकेक स्कोप दिला तर तो कपाटात राहील, दोन वर्षांनी काढाल तेव्हा त्याचे तंतू तुटलेले असतील. लाखभर बाळंतपणांच्या परिसरातल्या केसेस एका ठिकाणी आल्या तरच वर्षाला तीसेक होतात. म्हणून राज्यात दोन किंवा तीन केंद्रं असावीत, आणि बाकीचा पैसा त्या केंद्रांपर्यंत बाई वेळेत पोचावी यासाठी लावावा.

वेळेत म्हणजे केव्हा? लेसर सोळा ते सव्वीस आठवड्यांत करतात. टीटीटीएस सोळाव्या आठवड्यापासून कधीही सुरू होऊ शकतो आणि काही दिवसांतच हाताबाहेर जाऊ शकतो. एक वार की दोन, हे ठरवायची खरी वेळ त्याच्याही आधीची, अकरा ते चौदा आठवड्यांची. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भिडतो तिथे वारेची जाड पाचर वर सरकलेली दिसली तर वार दोन; पातळ पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ उभा दिसला तर वार एकच. चौदाव्या आठवड्यानंतर ही पाचर पुसट होत जाते, आणि विसाव्या आठवड्यात खात्रीने सांगणं अवघड होतं. असं असूनही रिपोर्टात 'जुळी, दोन्ही जिवंत, वार पुढच्या बाजूला' एवढंच असतं. काही जण पिशव्या दोन दिसल्या म्हणून वारही दोन धरतात. पिशव्या दोन असल्या तरी वार एक असू शकते. टीटीटीएस बहुतेक त्याच जोड्यांत होतो.

एक वार ठरली की सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: दोन्ही बाजूंच्या पाण्याचा सर्वांत खोल कप्पा सेंटिमीटरमध्ये, दोन्ही बाळांचं मूत्राशय दिसतं की नाही, नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर, आणि मेंदूतल्या धमनीतला रक्ताचा वेग. एका बाजूला पाणी आठ सेंटिमीटर किंवा जास्त आणि दुसऱ्या बाजूला दोन किंवा कमी झालं की त्याच दिवशी पाठवायचं. वीस आठवड्यांनंतर वरची मर्यादा काही ठिकाणी दहा धरतात, पण पाठवण्यासाठी दहाची वाट पाहावी असं कुणी सांगितलेलं नाही. 'पंधरा दिवसांनी पुन्हा बघू' हे वाक्य या आजारात फार महागात पडतं. आशा ताईंना आणि बाईलाही एक गोष्ट सांगून ठेवावी: पोट चार दिवसांत एकदम वाढलं, ताणलं, दम लागू लागला, तर तारखेची वाट पाहू नये.

केंद्रात काय लागतं, तेही तपशिलाने लिहितो, म्हणजे निविदेत अर्धवट वस्तू येणार नाहीत. दोन मिलिमीटरच्या आसपासचे सरळ स्कोप, वार पुढे असेल तेव्हासाठी वाकडं आवरण, तीन मिलिमीटरच्या आसपासची नळी, ४०० ते ६०० मायक्रॉनचे लेसर तंतू, डायोड किंवा एनडी-यॅग लेसर, त्या तरंगलांबीचे चष्मे खोलीतल्या सगळ्यांसाठी. स्कोप किमान दोन. आतले काचेचे तंतू जरा जास्त वाकवले की तुटतात आणि पडद्यावर काळे ठिपके उमटतात. एकच स्कोप असेल तर त्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द. निर्जंतुकीकरण उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच. सवयीने ऑटोक्लेव्हमध्ये टाकलेला स्कोप पुन्हा उपयोगी पडेल याची खात्री नाही. आणि यंत्रांइतकंच महत्त्वाचं म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी सोनोग्राफीचा प्रोब धरणारा दुसरा कुशल माणूस. फीटोस्कोपी चार हातांनी होते.

शस्त्रक्रियेचा क्रम असा. आधी सोनोग्राफीत वार, दोन्ही नाळांच्या जागा आणि पाणी आटलेलं बाळ कुठे आडवं आहे ते कागदावर काढायचं. गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजायची. जागेपुरत्या भुलीचं लिग्नोकेन गर्भाशयाच्या स्नायूपर्यंत पोचेल असं द्यायचं. वार टाळून, कलर डॉप्लरवर भिंतीतल्या रक्तवाहिन्या पाहून, जास्त पाणी असलेल्या पिशवीत शिरायचं. मग दोन नाळांच्या मधली सीमारेषा शोधायची. इथे बाहेरच्या जगातला नियम उलटा होतो: वारेवर गर्भाच्या धमन्या गडद दिसतात आणि शिरा उजळ लाल, कारण प्राणवायू वारेकडून बाळाकडे जातो. धमनी शिरेवरून ओलांडते. या दोन खुणांवर प्रत्येक जोडणी कुणाकडून कुणाकडे जाते ते ओळखता येतं. लेसरचं टोक साधारण एक सेंटिमीटर अंतरावर, शक्य तितकं काटकोनात. फार जवळ नेलं किंवा एकाच ठिकाणी रेंगाळलं की वाहिनी बंद होण्याऐवजी फुटते. सगळ्या जोडण्या जाळून झाल्यावर वारेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठिपके जोडत रेघ ओढतात. २०१४ मधल्या चाचणीत या रेघेमुळे आजार उलटण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणि पुढे रक्तक्षयाची गुंतागुंत १६ वरून ३ टक्क्यांवर आली. निघताना जास्तीचं पाणी काढून कप्पा पाच-सहा सेंटिमीटरवर आणायचा.

बिघडतं कुठे? पाणी गढूळ असतं, किंवा शिरताना थोडं रक्त मिसळतं, आणि काहीच दिसत नाही. मग कोमट रिंगर लॅक्टेटने पाणी बदलावं लागतं. त्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सोनोग्राफीचं चित्रच जातं, म्हणून नळी आधी पूर्ण भरून घ्यायची. वार पुढे असली की काटकोन मिळत नाही. मधल्या पडद्याला चुकून भोक पडलं तर दोन बाळं एकाच पिशवीत येतात आणि नाळांचा पीळ पडायचा धोका. पाणमोट वेळेआधी फुटणं हा सर्वांत नेहमीचा त्रास, चार-पाच बायकांत एकीला तरी. आईला कळा थांबवायची औषधं आणि भरपूर सलाइन एकदम दिलं तर फुप्फुसात पाणी भरतं. आरएच निगेटिव्ह आईचं अँटी-डी इंजेक्शन गडबडीत राहून जातं. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठोके, आणि पुढे दर आठवड्याला मेंदूतल्या धमनीचा वेग पाहायचा.

एवढं सगळं करून बाळं तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमारास येणार. म्हणजे केंद्राला लागून नवजात अतिदक्षता विभाग नसेल तर लेसरला अर्थ नाही.

छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक राहून आतडी छातीत चढलेल्या बाळासाठीही हीच दुर्बीण वापरतात. श्वासनळीत सत्ताविसाव्या ते एकोणतिसाव्या आठवड्यात फुगा बसवायचा, चौतिसाव्याला काढायचा. २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत अति गंभीर बाळांपैकी घरी जाणाऱ्यांचं प्रमाण १५ वरून ४० टक्क्यांवर गेलं. पण पाणमोट फुटण्याचं ११ वरून ४७ टक्क्यांवर. फुगा काढायच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळ श्वासच घेऊ शकत नाही. त्यामुळे त्या पाच-सात आठवड्यांत बाई केंद्रापासून तासाभराच्या आत राहायला हवी, आणि फुगा काढणारा माणूस रात्री दोन वाजताही हजर हवा. गडचिरोलीच्या बाईला हा उपचार देताना राहण्या-जेवणाची सोय उपचाराचाच भाग धरावी लागेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात शस्त्रक्रियेसोबत मुक्काम, नंतरच्या सोनोग्राफी आणि १०२ ची गाडी स्पष्ट लिहिलेली असावी.

राहिला कायदा. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो सैल व्हावा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. केंद्राच्या १९९४ च्या कायद्यात प्रसवपूर्व निदान प्रक्रियांमध्ये फीटोस्कोपीचं नाव थेट आहे, म्हणून नोंदीचा एफ फॉर्म, आणि बाईला समजेल त्या भाषेतलं जी फॉर्मवरचं संमतिपत्र व त्याची प्रत हे आलंच. आम्ही व्यवहाराची एक गोष्ट जोडतो: शस्त्रक्रियेत बाई जागी असते आणि मॉनिटर समोरच. तो तिच्या नजरेबाहेर फिरवून ठेवावा, रेकॉर्डिंग बाहेर देऊ नये, गर्भजलाच्या अहवालातली लिंगगुणसूत्रं झाकूनच पाठवावीत. संमतिपत्रात वरचे आकडे मराठीत, आणि जिथे लागेल तिथे पावरी किंवा गोंडीत समजावून सांगितल्याची नोंद असावी. 'एक बाळ वाचेल, कदाचित एकही नाही' हे वाक्य त्यात असलंच पाहिजे.

केंद्रं उभी राहायला वेळ लागेल. एक काम मात्र येत्या महिन्यात होऊ शकतं. याच कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्यातल्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंद आहेच. त्यांच्यामार्फत परिपत्रक जावं: चौदा आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक जुळ्यांच्या रिपोर्टात 'वार एक / दोन / ठरवता आली नाही' यांपैकी एकावर खूण आणि पडदा वारेला भिडतो तिथला छापील फोटो. तिसऱ्या पर्यायावर खूण असेल तर एक वार समजूनच पुढची तपासणी. या परिपत्रकाचा आणि पाठवणी-चिठ्ठीचा मसुदा आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले विश्वासू,
गर्भवैद्यक, स्त्रीरोग, सोनोग्राफी आणि नवजात शुश्रूषा या क्षेत्रांत काम करणारे काही जण